रिप्लाय

निलम पुस्तकातून नेटवर्किंग शिकत होती. कैनाड गावातल्या तिच्या सासरच्या घरात इंटरनेट नव्हतं, म्हणून तिने दोन जुने कॉम्प्युटरच वायरने एकमेकांना जोडले होते, एक ओटीवर आणि दुसरा आतल्या खोलीत. आज पहिल्यांदा आतल्या कॉम्प्युटरने उत्तर धाडलं आणि ओटीवर तिच्यासमोरच्या स्क्रीनवर ‘रिप्लाय’ हा शब्द उमटला.

मागे येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याने, लाहूने, तेवढाच वाचला.

“कोण रिप्लाय देतो तुला?”

“आतला कॉम्प्युटर. बाहेर कुठंच जोडलेलं नाही हो हे.”

त्याने केस धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला. मग कोयता घेऊन तो आत गेला आणि कॉम्प्युटरचे तुकडे करून तसाच तिच्या अंगावर धावून आला.

सासू मध्ये पडली. तिचं नाव धाकली. आजवर प्रत्येक मारानंतर ‘नवऱ्याला उलट बोलू नये’ एवढंच सांगत आलेली धाकली. तिने लेकाच्या हातातला कोयता हिसकावला आणि सुनेला उठवलं.

“चल पोरी. आधी कासा गावाला दवाखान्यात, मग पोलिसांत. त्याचं नाव मी सांगते. मीच ठेवलंय ते.”