पाठीमागचा झोपाळा

"मधू, रिकामा झोपाळा हलवू नये गं, नको त्यांना बोलावणं जातं." लहानपणी ऐकलेला आईचा तो दटावणीचा सूर मधुवंतीला आठवला खरा, पण तोवर सरकवलेल्या टेबलाचा धक्का झोपाळ्याला लागून गेला होता.

भूकंपात सयाजीगंजातल्या ऑफिसच्या भिंतींना तडे गेले, तेव्हा गुजराती साहेबांनी एकेकाचा कॉम्प्युटर घरपोच केला. "बेन, हमणां घरेथी काम करजो," म्हणाले. नागरवाड्यातल्या तिच्या बैठकीत तो त्या सरकवलेल्या टेबलावर, बसल्यावर तिची पाठ झोपाळ्याकडे येईल असा मांडला गेला.

आणि काय सांगावं, तिला घर आवडू लागलं! दुपारी ती टाइप करू लागली की पाठीमागे कड्या हळूच कुरकुरत. निवृत्त श्रीकृष्णराव येऊन बसत असणार. उभ्या संसारात दोन घटका जवळ न बसलेला नवरा आता मुक्यानेच सोबत करतो, या सुखात तिची बोटं जात्यावर ओवी सुचावी तशी लयीत चालत. वळून बघून ते सुख मोडावं, असं तिला कधी वाटलं नाही.

आज मात्र ती लाडाने म्हणाली, "अहो, जरा हळू. दृष्ट लागेल आपल्याला."

"मला म्हणालीस?" स्वयंपाकघराच्या दारातून श्रीकृष्णरावांनी विचारलं.

कड्या थांबल्या.

तिने कीबोर्डवरची बोटं उचलली. "मग इथे कोण..."

ते जवळ आले. तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"तू खुशीत होतीस, म्हणून बोललो नाही, मधू. मी दाराशी आलो की ती रोज अशीच पाय टेकवून झोपाळा थांबवते."