नीरजाच्या वह्या

न्यायाधीशबाईंनी वही उलटसुलट करून पाहिली.

नीरजाने लेकीला सात वर्षं घरीच शिकवलं होतं. टेक्सासमध्ये त्याच्या नोंदी कोणी मागत नाही, तरी ती रोज लिहायची. स्वतःपुरतं, म्हणून मराठीत. आता घटस्फोट आणि लेकीचा ताबा मागणारा नवरा, शिरीष, म्हणत होता, "मुलगी काही शिकलेलीच नाही."

"यात काय लिहिलंय?" बाईंनी त्यालाच विचारलं. नीरजा सोडली तर मराठी येणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

नीरजाला हायसं वाटलं. तो भांडखोर होता, खोटारडा नव्हता.

त्याने पान वाचलं. 'आज अपूर्णांक जमले. बाबाला सांगायचं म्हणून दारात थांबली होती.' वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"मला मराठी वाचता येत नाही," तो म्हणाला.

निकालात लेक त्याच्याकडे गेली. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो नीरजाला हळूच म्हणाला, "तुझं अक्षर अजून तसंच आहे."