इंजिनरूमचं दार

“ते जहाज राहू दे इथेच,” लेक म्हणाला. “नव्या भाडेकरूंच्या पोरांना खेळायला होईल.”

आई स्टुलावर चढायच्या बेतात होती. तिने वर टाकलेला पाय खाली घेतला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की एकोणपन्नास वर्षांचा तो गृहस्थ उगीचच हातातली सुतळी गुंडाळायला लागला.

“कपाट देऊन टाकलंस, काही बोलले नाही. पलंग दिलास. आता जहाज दे, आणि मलाही ठेव त्यांच्याकडेच, पोरं सांभाळायला.”

“बरं, बरं. पण तू चढू नकोस. मी काढतो.”

“तू नकोच. तू बांधलेली पुस्तकं बघितली मी. त्यापेक्षा सरपणाची मोळी बरी.”

त्याने स्टूल धरलं. तिनेच वर चढून फळीवरून जहाज उतरवलं. हातभर लांबीचं, प्लास्टिकचं. मूळचा पांढरा रंग आता जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता, पण धुळीचा कण नव्हता. रोज सकाळी आंघोळ झाली की पाण्याचा घोट घेण्याआधी ती ते मऊ फडक्याने पुसायची. ताप असो, पाहुणे असोत, अडतीस वर्षांत तो नेम चुकला नव्हता. आणि त्या अडतीस वर्षांत त्याने जहाजाला बोट लावलं नव्हतं. सुट्टीत घरी आला की तो त्या फळीकडे पाठ करून झोपायचा.

“जपून ठेवायला हवं हं,” ती म्हणाली. “आत काहीतरी तुटलंय. वाजतं.”

“काय वाजतं?”

“माझ्याच हातून झालं असणार, पुसताना. तुला कधी बोलले नाही. एवढ्या हौसेनं केलं होतंस, हिरमुसला असतास.”

तो मागे सरला आणि बांधलेल्या खोक्यावर बसला.

ते किट बाबांनीच आणलं होतं, कुठल्याशा बंदरातून. “थेट आमच्या जहाजासारखं आहे बघ,” म्हणाले होते. तो अकरा वर्षांचा होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरून महिनाभर बसला होता. चौकटीतून एकेक तुकडा पिळून सोडवायचा, ब्लेडने कडा घासायच्या, नंबर बघून जोडायचा. ग्लूच्या वासाने नाक चुरचुरायचं. तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस होता. त्याचा शर्ट त्याने निळा रंगवला, पायांना ग्लू लावला आणि त्याला इंजिनरूममध्ये उभा केला, कारण बाबा तिथेच काम करायचे. बाकीच्या खोल्यांना नुसत्या कमानी होत्या; दार तेवढं त्या एका खोलीला. बारीकशा बिजागरीवर ते उघडायचं, मिटायचं. वरचा डेकही डब्याच्या झाकणासारखा निघायचा. या दोन जागी ग्लू लावू नये, असं कागदावर ठळक छापलं होतं.

पण दार लटलट हलायचं. त्याला हललेलं खपायचं नाही. त्याने एक थेंब लावला. मग डेकच्या कडेने सगळीकडून लावला.

“आता बघ, पाणीसुद्धा शिरणार नाही,” त्याने आईला सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी कंपनीचा माणूस याच खोलीत, टोपी मांडीवर ठेवून बसला होता. तो म्हणाला, जहाजात पाणी शिरलं तेव्हा बाकीचे सगळे वर आले. इंजिनरूमचं दार तेवढं आतून उघडलं नाही.

“आई,” तो म्हणाला, “ते दार मी चिकटवलं होतं.”

“कुठलं रे?”

“यातलं. बाबांना आत उभं केलं आणि दाराला ग्लू लावला. लावायचा नव्हता. कागदावर लिहिलं होतं.”

सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत तो पुढे म्हणाला, “असं काही नसतं, कळतं गं मला. सगळं कळतं. पण घरातलं एकही दार मला अजून पुरतं लावता येत नाही. बायको हसते. पोरगी चिडते.”

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. दोघांपैकी कुणीच खिडकीशी गेलं नाही.

वेडा आहेस का, असं आई म्हणाली नाही. त्याला जवळही घेतलं नाही. तिने जहाज उजेडाकडे धरलं आणि भाजी निवडताना विचारावं तसं विचारलं, “इंजिनची खोली कुठंशी येते यात?”

त्याने न शिवता बोट दाखवलं. मागच्या टोकाला, धुराड्याच्या खाली.

“चारी बाजूंनी बंद?”

“हो. एवढीशी. नखाएवढी.”

“आणि सुटं असं आत दुसरं काही?”

“काहीच नाही. बाकी सगळं घट्ट बसवलं होतं मी.”

“बरं, ऐक आता.”

तिने जहाज दोन्ही हातांत आडवं धरलं आणि त्याचं नाक हळूहळू खाली झुकवलं. मागच्या टोकाला बारीकसं टक् झालं. मग तो आवाज निघाला. जरा घसरत, मध्येच अडखळत, एकेक कमान ओलांडत. धुराड्याच्या खालून, मधल्या खोल्यांतून, सबंध जहाजभर. रिकाम्या झालेल्या घरात तो स्पष्ट ऐकू येत होता. पार पुढे, जिथे जहाज निमुळतं होतं, तिथे तो थांबला.

आईने त्या जागी बोट टेकवलं.

“रोज इथपर्यंत येतात,” ती म्हणाली.