स्वच्छ केलेला आवाज

मुलीच्या जन्माआधी तिच्या आईने एका खुनाच्या सिनेमात छोटं काम केलं होतं. कपाटात लपलेल्या तिला खुनी शोधून काढतो, एवढंच. आई वारल्यावर बाबांकडे तिचा आवाज उरला तो तेवढाच, तोही जुन्या कॅसेटवर, खरखरीत बुडालेला.

म्हणून मुलीने त्या सिनेमाची स्वच्छ केलेली नवी डिस्क आणली.

चित्र लख्ख होतं. आईच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसला. बाबांचे डोळे भरून आले. "बघ, किती कोवळी होती गं!"

कपाटातल्या प्रसंगात आता खरखर नव्हती. आईचा धपापता श्वास स्पष्ट ऐकू आला आणि पाठोपाठ कुजबुज, "चिमे, तू बाहेर येऊ नकोस हं."

मुलीला चिमे फक्त आईच म्हणायची.

"बाबा, मी तेव्हा जन्मलेही नव्हते."

बाबांनी घाईघाईने सिनेमा थांबवला. चित्र गोठलं. स्पीकरमधला श्वास मात्र चालूच राहिला.

मुलगी टीव्हीपाशी गुडघे टेकून बसली. पडद्यावर तळहात ठेवून ती रडत म्हणाली, "आई, मी इथे आहे."

श्वास एकदम थांबला, कान देऊन ऐकताना थांबतो तसा.