औषधालाही नाही

द्राक्षमळ्यांच्या मुलखातली, नदीच्या दोन काठांवरची दोन पुरातन गावं दिवसभर पायाखाली घालून नवरा-बायको संध्याकाळी अलीकडच्या गावातल्या खाणावळीत टेकले.

"ठरलं. सुट्टीचे आठ दिवस तुमच्याकडेच," वाइनचा घोट घेत नवरा मालकिणीला म्हणाला. "नदीपलीकडच्यांनी गावाची पार रया घालवलीय. दगडी जिन्यांना लोखंडी कठडे ठोकलेत."

"आणि चौकात जिकडे बघावं तिकडे म्हातारे," बायकोनं नाक मुरडलं. "एक फोटो धड येईल तर शपथ. तुमचा चौक बघा, कसा चित्रासारखा. म्हातारं माणूस औषधालाही नाही."

तेवढ्यात छताच्या फळ्यांवर वरून तीनदा काठी आपटली.

"वर कोण आहे?" बायकोनं विचारलं.

"माझे वडील. रोज चौकात जाऊन बसायचे. गुडघे गेले, तेव्हा बाहेरच्या दगडी जिन्याला कठडा लावायची परवानगी मागितली. गावाचं जुनं रूप बिघडतं म्हणून वारसा समितीनं तीनदा अर्ज फेटाळला. चार वर्षं झाली, खाली उतरले नाहीत."

मालकिणीनं खोलीची किल्ली पुढे सरकवली.

"म्हातारी माणसं आमच्याकडेही आहेत, ताई. घरटी एक तरी आहे. वरच्या मजल्यावर."