आग्नेलचं रिटर्न

आग्नेल आला तेव्हा डॉमनिक ओट्यावर लॅपटॉप उघडून बसला होता.

“वैनी, सोडे आनलेत,” आग्नेलने सुक्या कोळंबीची पुडी दाराशी ठेवत आत हाक दिली आणि कागदांची फुगलेली पिशवी डॉमनिकपुढे ठेवली. जुलैचा महिना होता. मासेमारीच्या बंदीमुळे त्याची होडी पाचूबंदरच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती, आणि दर वर्षी याच दिवसांत तो इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून घ्यायला पापडी गावात डॉमनिककडे यायचा. कर्जासाठी बँक रिटर्न मागते, आणि आग्नेलला तो फॉर्म नुसता बघूनच घाम फुटायचा.

डॉमनिक बँकेत नोकरीला होता तेव्हापासून हे काम त्याच्याकडे होतं. निवृत्त झाल्यावरही राहिलं. पण अलीकडे फॉर्म फार बदलले होते, रकाने वाढले होते, आणि त्याचे डोळे लवकर थकायचे. म्हणून गेली काही वर्षं तो एका सॉफ्टवेअरची फी भरून आग्नेलचं रिटर्न करत होता. आकडे आपोआप यायचे, आपण फक्त फी भरायची. हे फक्त त्याच्या बायकोला, मार्थाला, ठाऊक होतं.

“निदान त्याला सांग तरी,” ती सकाळीच म्हणाली होती.

“काय सांगू? मला आता जमत नाही म्हणून?”

आताही त्याने स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवून घेतला.

“डिझेलची बिलं?”

“ही घे. महिन्यापरमाने लावलीत.”

“बर्फाची?”

“ती खाली हायत.”

डॉमनिकने एकेक बिल हातात घेतलं, नीट बघितलं, मान हलवून बाजूला ठेवलं. आग्नेलही गंभीर चेहऱ्याने बघत राहिला. मग डॉमनिकने आग्नेलच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला, गपचूप आपल्या कार्डाने फी भरली आणि शेवटचं बटण दाबलं.

स्क्रीनवर लाल ओळ आली. या वर्षाचं रिटर्न आधीच भरलेलं आहे.

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ.

“आग्नेल, हे म्हणतंय तुझं रिटर्न भरून झालंय.”

आग्नेल अंगणातल्या केळींकडे बघायला लागला.

“कोणी भरलं?”

“इझाबेलने,” तो शेवटी म्हणाला. इझाबेल त्याची मुलगी, अंधेरीला नोकरी करायची. “मागच्या रविवारी. मोबाइलवर, पैसे भरून. मी तिला बोललो, डॉमनिक करतो, तू हात लावू नको. तर बोलली, पप्पा, अंकलना किती तरास देनार? सारखे डोळे चोळत असतात.”

“मग तू आज आलास कशाला?”

“दर वर्सी येतो ना.” आग्नेलने पिशवीच्या बंदाला उगाच गाठ मारली. “नाय आलो असतो तर तुला वाटलं असतं, आग्नेलला आता आपली गरज नाय.”

डॉमनिकचे कान तापले. इतका वेळ बिलं चाळल्याची त्याला लाज वाटली, आणि इझाबेलचा थोडा रागही आला.

“आणि आता भरलेल्या फीचं काय?” चहा घेऊन आलेली मार्था दारातूनच म्हणाली.

“कसली फी?” आग्नेलने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “सॉफ्टवेअरची,” डॉमनिक म्हणाला. “मीसुद्धा पैसे भरूनच करतो रे. बरीच वर्षं झाली. ते नवे फॉर्म मला नाही जमत.”

आग्नेलने बाजूला ठेवलेल्या बिलांकडे बोट दाखवलं.

“म्हंजे ही डिझेलची बिलं?”

“त्यांचं काही काम नसतं.”

“आनि बर्फाची?”

“त्यांचंही नसतं.”

“आनि मी ती वर्सभर देव्हाऱ्यामागे जपून ठेवतो! नातवाला हात लावू देत नाय!”

आधी मार्थाला हसू फुटलं. मग आग्नेल हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. डॉमनिकने चष्मा काढून डोळे पुसले. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्याला वाटलं.

“तुझं स्वतःचं भरलं?” आग्नेलने चहा ओठांना लावत विचारलं.

“राहिलंय. तुझं आधी करायचं म्हणून.”

“या भरलेल्या फीत नाय होनार?”

डॉमनिकने क्षणभर विचार केला. मग लॅपटॉप बाजूला सारला. “इझाबेलला फोन लाव. तिलाच विचारू.”

शनिवार होता, इझाबेल घरीच होती. “होईल अंकल, नाव बदलून मिळतं,” ती म्हणाली. “मीच करून देते इथून. पूर्ण नाव सांगा.”

आग्नेलने फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मध्ये ठेवला.

“डॉमनिक पास्कू लोपीस.”

“जन्मतारीख?”

डॉमनिकने सांगितली. आग्नेलने कप खाली ठेवला आणि बोटांवर महिने मोजले.

“अरे! मी मोठा तुझ्यापेक्षा!”

“चार महिन्यांनी,” डॉमनिक म्हणाला. “मला ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“तुझं पहिलं रिटर्न भरलं तेव्हापासून.”

“आनि एवढी वर्सं मी तुला मोठा समजून मान देतो!”

डॉमनिक चहा प्यायला लागला. आग्नेल मागे रेलून ऐसपैस बसला.

“अंकल, बँकेचा खाते क्रमांक?” फोनमधून इझाबेलने विचारलं.

“सांग रे पोरा,” आग्नेल म्हणाला, “ती काय विचारते ते.”