वर्षालीचा शुक्रवार

“वर्षाली, आवाज येतो का माझा?” गजाला मॅडमनी पुन्हा विचारलं.

फोनवर नुसते काळे चौकोन. कोणाचं तोंड नाही, कोणाचा आवाज नाही. लॉकडाऊन लागल्यापासून मॅडम अमरावतीत आपल्या स्वयंपाकघरात बसून नववीला मराठी शिकवत होत्या. म्हणजे भिंतीशी बोलत होत्या. ऑनलाइन प्रशिक्षणात साहेब म्हणाले होते, मुलांना बोलतं करा. सांगायला काय जातं हो!

पण वर्षाली? शाळेत सगळ्यांच्या आधी हात वर करणारी पोरगी. आता तीही हाकेला ओ देत नव्हती. मॅडमना राहवलं नाही. त्यांनी तिच्या बापाला फोन लावला.

गोवर्धनभाऊंची चांदूर बाजारजवळ भाजीची शेती. बाजार बंद होते आणि कोबी वावरातच सडला होता.

“कशी बोलन ते? मीच फोन देत नाई तिले,” भाऊ म्हणाले. “शाळा पुरे झाली आता. औंदा पन्नास मानसात लगीन उरकते, मॅडम. पुढच्या साली झेपन का मले?”

“अहो भाऊ, पंधरा वर्षांचं लेकरू आहे ते!”

कायदा सांगावा, तर हा माणूस पुन्हा फोनच उचलायचा नाही. मॅडमनी आवाज खाली आणला. “एकदा वर्गात ऐका तिला. मग ठरवा.”

भाऊ म्हणाले, “शुक्रवारी ऐकतो. पन तोंड दिसलं पाह्यजे तिचं. चांगलं बोलून घेजा तिच्याकडून.”

मॅडमचा जीव भांड्यात पडला. भाऊ पोरीला फोन देऊ लागले, आणि रोज वर्ग संपला की मॅडम वर्षालीला एकटीला थांबवून घेत.

“खिडकीकडे तोंड करून बस. फोन डाळीच्या डब्याला टेकव. मान वर. पुटपुटू नको. आणि बाई माझे, जरा हसत जा!”

“मॅडम, बाबा शाळा सोडवनार नाईत ना?”

“तू नीट बोललीस, तर नाही.”

शुक्रवारी वर्षालीचा चौकोन उजळला. नवा ड्रेस, घट्ट वेणी. वर्गात आणखी एक अनोळखी चौकोन होता, काळाच. खाली नाव, खुशालराव. तपासणीला कधीकधी नवे साहेब असेच डोकावत. पाहू द्या, मॅडम मनात म्हणाल्या, आज दाखवण्यासारखं काही आहे माझ्याकडे.

वर्षालीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कविता सुरू केली. बाजूनं भाऊंचा आवाज आला, “मॅडम, तिले उभी राहून म्हनाले सांगा.”

ती उभी राहिली. एका शब्दावरही अडली नाही.

“अक्षर दाखव म्हना.”

वर्षालीनं वही फोनसमोर धरली. मोत्यासारखं अक्षर!

“तिनं शिवलेले मास्क बी दाखवाले सांगा ना.”

बाप विरघळला, बाप्पा! मॅडमचे डोळे भरून आले. “अशी गुणी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही,” त्या भर वर्गात बोलून गेल्या. वर्षाली खुदकन हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

वर्ग संपताच भाऊंचा फोन आला.

“मॅडम, लय उपकार झाले तुमचे.”

“मग काय ठरवलंत, भाऊ?”

“खुशालराव अकोल्याचे. जिल्हाबंदीत येता येत नव्हतं त्यायले, म्हनून वर्गाची लिंक मीच धाडली. तुमच्यामुळं घरबसल्या पाहनं झालं. तुमचा शब्द ऐकला अन् मंग त्यायनं पोराले विचारलं बी नाई. पोट्टी पसंत हाय म्हने.”

मागून वर्षालीचा आवाज आला, अजून हसरा.

“बाबा, मॅडमले विचारा ना, मी नीट बोलली का?”